नाही आणि नसो

रत्नागिरी, ता. १२ नोव्हेंबर १९२८

प्रिय राजाभाऊ यास अनंत गणपुले याचा सप्रेम नमस्कार वि. वि.

दसऱ्याचे तुझे पत्र पोचले. उत्तराला उशीर झाला, कारण सेशन्सचे काम चालू होते आणि एका खुनाच्या खटल्यातल्या साऱ्या जबान्या मला इंग्रजीत उतरवायच्या होत्या. साहेब नवीन आहे. त्याला मराठीतले 'हो' आणि 'नाही' एवढेच कळते, त्यामुळे आरोपीचे पुढे काय व्हायचे ते पुष्कळदा या भाषांतरकाराच्या क्रियापदांवर ठरते. एकोणीस वर्षांत माझ्या भाषांतराला कोणा वकिलाने हरकत घेतलेली नाही, हे तुझ्यापाशी सांगायला संकोच कसला.

आता मुख्य काम. आपल्या हेमाला सतरावे लागले. इंग्रजी सहावीत आहे, आणि एवढी मोठी मुलगी घरात म्हणून लोक आता तोंडावर विचारतात. दसऱ्यापासून तिला संध्याकाळी बारीक ताप येतो, खोकलाही आहे. इथल्या डॉक्टरांनी हिवताप म्हणून कोयनेल दिले. तिचे कान वाजू लागले, ताप मात्र हटला नाही. अशात राजापूरच्या सोहोनींकडून मागणी आली आहे. मुलगा कचेरीत कायम नोकरीवर, घरची कलमांची बाग, माणसे खानदानी. पाहायला आले तेव्हा ही नेमकी खोकली. मुलाचे चुलते फार बारीक नजरेचे. म्हणाले, "मुंबईच्या चांगल्या डॉक्टरचं पत्र आणा, मग बैठक करू."

तेव्हा येत्या बोटीने तिला घेऊन येतो. तपास, आणि मराठीत पत्र दे. ते ओटीवर चारचौघांत वाचले जाईल, हे ध्यानात ठेवून लिही. एडिंबरोहून आणलेले लॅटिन त्यात पेरू नकोस. मागच्या पत्रातल्या तुझ्या एका वाक्यासाठी मला डिक्शनरीची शेवटची पाने चाळावी लागली होती.

घरात हेमाच्या आईने तुला नमस्कार सांगितला आहे. धाकटी वासंती अकरा वर्षांची झाली, तिला तू एकदाच पाहिलीस.

तुझा,
अनंत


गिरगाव, मुंबई, ता. ३ डिसेंबर १९२८

प्रिय अण्णा, स. न. वि. वि.

तुम्ही बोटीत बसलात त्याच दिवशी लिहिणार होतो, पण दवाखान्यात इन्फ्लुएंझाचे रोगी दाटले आहेत.

चि. हेमाला मी नीट तपासले. मूळची काठी चांगली आहे. वजन थोडे उतरले आहे. डाव्या बाजूला, गळपट्टीच्या हाडाच्या वरच्या अंगाला, श्वास घेताना किंचित खरखर ऐकू येते. क्षयाची सुरुवात, ॲब्सिट ओमेन. बेडका एकदा तपासला, त्यात काही मिळाले नाही. एका तपासणीवर मात्र भिस्त ठेवता येत नाही. तू दोन दिवस राहिला असतास तर एक्स-रे काढता आला असता. सध्या विश्रांती, दूध, लोणी, मोकळी हवा. अंड्यांचे नाव काढले तर मथुरावहिनी मला उंबरा ओलांडू देणार नाहीत, म्हणून कॉडलिव्हर तेल लिहून दिले आहे. तूर्त कोणतीही दगदग नको. महिन्याभराने तिला पुन्हा घेऊन ये. बाकी तू सुज्ञ आहेस.

मुलगी हुशार आहे. तपासून झाल्यावर मला म्हणाली, "काका, ऐकताना तुम्ही डोळे का मिटून घेता?" इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारले नव्हते.

तुझा,
राजाराम


रत्नागिरी, ता. १९ डिसेंबर १९२८

प्रिय राजाभाऊ यास स. न. वि. वि.

तुझ्या पत्राने मोठे काम झाले. सोहोनी मंडळी रविवारी आली होती. मी पत्र ओटीवर मोठ्याने वाचले. 'क्षय' हा शब्द येताच चुलत्यांनी पानाचे तबक बाजूला सारले. म्हणाले, "हे काय? आणि पुढचं ते इंग्रजी काय आहे?"

मी सांगितले, "इंग्रजी नव्हे, लॅटिन आहे. डॉक्टर लोकांची रीतच ती. ॲब्सिट म्हणजे ॲब्सेंट, हजर नाही. ओमेन म्हणजे लक्षण. क्षयाच्या सुरुवातीचं लक्षण नाही, असं डॉक्टर लिहितात. पुढे पाहा, बेडक्यातही काही मिळालं नाही."

त्यांनी पत्र हातात घेऊन ती अक्षरे स्वतः पाहिली. कोर्टाच्या भाषांतरकाराने सांगितल्यावर आणखी कोणाला विचारणार. लगेच बैठक झाली, साखर वाटली. माघ वद्यातला मुहूर्त धरला आहे. बोटी चालू आहेत, तेव्हा तू सहकुटुंब यायचेच.

हेमाला तेलाचा वास सहन होत नाही, तरी घेते. ताप कमी आहे असे मला वाटते.

तुझा,
अनंत


गिरगाव, मुंबई, ता. २७ डिसेंबर १९२८

प्रिय अण्णा,

तुझे पत्र काल मिळाले आणि दोनदा वाचले. हातातले काम टाकून हे लिहीत आहे. हे पत्र कोणाला वाचून दाखवू नकोस.

ॲब्सिट ओमेनचा तू लावलेला अर्थ चूक आहे. रोमन लोक शकुन-अपशकुन फार मानत. बोलताना मरण, आजार, नाश असे काही तोंडातून निघाले, तर ते बोलणेच अपशकुन ठरू नये म्हणून मागोमाग हे दोन शब्द उच्चारत. इंग्लंडातले शिकलेले लोक आजही तसेच म्हणतात. एडिंबरोला आमचे म्हातारे प्रोफेसर म्हणत, "पुढच्या वर्षी मी नसलो, ॲब्सिट ओमेन, तर हा वर्ग अमुक घेईल." ते गृहस्थ स्वतःच्या मरणाची वार्ता देत नव्हते, आणि मरण येणार नाही असेही सांगत नव्हते. त्यांना त्याची धास्ती होती, म्हणूनच ते शब्द घालत. आपल्या बायका वाईट बोलून गेल्यावर 'इडापिडा टळो' म्हणतात, त्यातलाच हा प्रकार.

ॲब्सेंट आणि ॲब्सिट एकाच धातूची रूपे आहेत, एवढे तुझे खरे. पण एक 'नाही' सांगते आणि दुसरे 'नसो' म्हणते. तू रोज साक्षी उतरवतोस. 'त्याच्या हातात कोयता नव्हता' आणि 'त्याच्या हातात कोयता नसो' यांतला फरक तुला मी सांगायला नको.

मला हेमाच्या छातीत क्षयाची सुरुवात वाटते. पत्र चारचौघांत वाचले जाणार असे तू कळवले होतेस. एका तपासणीवर ठाम लिहून मुलीचे नाव उगाच खराब करू नये, तुला मात्र माझी धास्ती कळावी, म्हणून पुढे ते शब्द जोडले. आता मराठीत लिहितो. लग्न पुढे ढकल. निदान दोन वर्षे. तिला मूल होणे आज जिवावरचे आहे. पुढच्या बोटीने तिला इकडे घेऊन ये, राहणे माझ्या घरी, एक्स-रेचे मी पाहतो. सोहोन्यांना काय सांगायचे ते मी येऊन सांगेन.

उत्तर परत टपालाने पाठव.

राजाराम


रत्नागिरी, ता. ११ मार्च १९२९

प्रिय राजाभाऊ यास स. न. वि. वि.

हेमाचे लग्न माघ वद्य पंचमीस यथासांग पार पडले. तू आला नाहीस, सर्वांनी विचारले.

तुझे डिसेंबरअखेरचे पत्र टपालात कुठे अडकले कोण जाणे, वऱ्हाड राजापूरला परत गेल्यानंतर हाती पडले. तोवर अक्षता पडून गेल्या होत्या. आता काय करणार. तुला जे मराठीत लिहिता येत होते ते पहिल्याच पत्रात का लिहिले नाहीस, हे मात्र मला अजून उमगत नाही. मी कोर्टाचा माणूस. कागदावर असते तेवढेच वाचतो.

असो. लग्नात हेमाच्या तोंडावर तेज होते. सर्व म्हणत होते, पोरगी भरली आहे. जावई शांत आहेत. राजापूरची हवाही तिला मानवेल असे वाटते. झाल्या गोष्टीवर तू आणि मी पुन्हा लिहिण्यात अर्थ नाही. वासंतीला नुकतीच इंग्रजी पहिलीत घातली.

तुझा,
अनंत


राजापूर, ता. २ ऑक्टोबर १९२९

ती. राजाकाकांस हेमाचा शि. सा. नमस्कार.

हे पत्र मी देवळात जाताना पेटीत टाकणार आहे. घरात कोणाला सांगितलेले नाही.

पावसाळ्यात मला पुन्हा ताप येऊ लागला. खोकला तर थांबलाच नव्हता. गेल्या महिन्यात थुंकीत रक्त दिसले. आणि मला पाचवा महिना आहे. सासूबाई म्हणतात, पहिलटकरणीला उष्णता होते. धने भिजवून पाणी देतात. माणसे वाईट नाहीत. तिकडून मला रोज विचारणे होते, की बरे वाटते का. मी हो म्हणते.

माझ्या नणंदबाई बाळंतपणाला आल्या आहेत. त्यांचे बाळ तीन महिन्यांचे आहे. त्या स्वयंपाकात असल्या की बाळ माझ्याकडे असते. माझ्या खांद्यावर झोपते. मी तोंड फिरवून खोकते, पण खांदा तर तोच असतो. काका, हे बाळाला होईल का? मला एवढेच विचारायचे होते. बाकीचे आपोआप लिहिले जाते आहे.

तुमचे पहिले पत्र अण्णांनी सोहोन्यांना वाचून दाखवले तेव्हा मी माजघरात होते. मंडळी गेल्यावर मी अण्णांची डिक्शनरी काढली. मागच्या पानांवर परक्या शब्दांत तो अर्थ होता. पुस्तक तसेच उघडे धरून मी त्यांच्याकडे गेले. म्हटले, "अण्णा, तुम्ही सांगितलात तो अर्थ इथे नाही."

त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "मला ठाऊक आहे. दार लोटून घे."

मग म्हणाले, "हेमा, हा शब्द एकदा या घराला चिकटला की तुझं लग्न होत नाही आणि वासंतीचंही होत नाही. तू लहान आहेस. हवापालट झाला की बरी होशील. आईला यातलं काही बोलू नकोस, ती रडून गाव गोळा करील."

तुमचे दुसरे पत्र पोस्टमनकडून मीच घेतले होते. लग्नाला तेव्हा पुष्कळ दिवस होते. अण्णांनी ते वाचले, घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवले आणि कोर्टात गेले. आले तेव्हा माझ्यासाठी बांगड्या आणल्या होत्या.

मी आईला काही बोलले नाही. मला कोणी बळजबरी केली असे म्हणता येणार नाही. मलाही लग्न हवे होते. तिकडच्यांना मी खिडकीतून पाहिले होते आणि मला बरे वाटले होते. अण्णांना एवढे इंग्रजी येते, त्यांना थोडेफार वैद्यकही कळत असेल, अशी मी मनाची समजूत घातली.

उत्तर इथेच पाठवा. या घरात कोणाचेही पत्र आधी मामंजी फोडतात आणि ओटीवर वाचतात. म्हणून तुम्ही लिहाल ते माझ्या एकटीसाठी नसेल. मला तेच हवे आहे. माझ्या तोंडून ते निघत नाही. पण कृपा करून असे लिहा की एकाच बाजूने वाचता येईल.

आपली,
हेमा


गिरगाव, मुंबई, ता. ९ ऑक्टोबर १९२९

चि. सौ. हेमास राजाकाकांचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. तुला क्षय आहे. गेल्या डिसेंबरात मी तपासले तेव्हाच त्याची सुरुवात होती, असे माझे मत तेव्हा होते आणि आज आहे. ते मी तुझ्या वडिलांना लेखी कळवले होते.

हा रोग खोकल्यातून आणि थुंकीतून दुसऱ्याला होतो. लहान मुलाला फार लवकर होतो. बाळाला तू आजपासून घेऊ नये. तुझी भांडी, अंथरूण, पंचा वेगळा असावा. थुंकी राखेच्या डब्यात घ्यावी आणि जाळावी. तू पडवीत, उघड्या हवेत निजावे. घरकाम बंद. बाळाच्या आईने घाबरून दूध तोडू नये. बाळाचे वजन दर आठवड्यास पाहावे आणि ताप आल्यास मला तार करावी.

तुझ्या सासऱ्यांना माझी विनंती आहे, की हे पत्र वाचल्यावर त्यांनी रागाच्या भरात मुलीला प्रवासात घालू नये. ती गरोदर आहे. तिच्या अंगी दोष कोणताच नाही, रोग आहे. मोटारीचा रस्ता तिला झेपणार नाही. मी येत्या बोटीने रत्नागिरीस उतरून राजापूरला येतो. तोवर तिला आहे तिथेच ठेवावी.

राजाराम


रत्नागिरी, ता. १८ नोव्हेंबर १९२९

रा. रा. डॉक्टर राजाराम यांसी,

तुम्ही राजापुरी पोचण्याच्या चार दिवस आधीच सोहोन्यांनी हेमाला सर्व्हिस मोटारीने आमच्या दारात आणून सोडली, हे तुम्हांला तिथे कळलेच असेल. सोबत एक गडी होता. ट्रंक आणि वळकटी. वळकटी त्यांनी ओटीवर चढवू दिली नाही, आगरात टाकून गेले. शेजारपाजारची सर्व मंडळी पाहत होती.

आजपावेतो मी तुम्हांला मित्र म्हणत आलो. मित्राने मुलीच्या सासरी असे पत्र धाडावे, आणि तेही उघड मराठीत, याला मला शब्द सापडत नाही. माझ्याशी बोलायचे ते लॅटिनमधून, आणि ज्यांच्यापाशी बोलू नये त्यांच्याशी मात्र मोलकरणीलाही कळेल अशा भाषेत. चुलत्यांनी कोर्टात येऊन, वकील मंडळी उभी असताना मला विचारले, "गणपुले, तुमच्या डिक्शनरीत क्षयाला काय म्हणतात?" दुसऱ्या दिवशी साहेबांनी माझी एक जबानी पडताळायला दुसऱ्या कारकुनाकडे दिली. वीस वर्षांत प्रथमच.

जावयांचे दुसरे लग्न ठरत आहे. वासंतीला पुढेमागे कोण विचारणार ते तुम्हीच सांगा. तुम्ही इथे आलात त्या दिवशी मी घरी असून बाहेर आलो नाही, हे खरे आहे. यापुढे पत्र पाठवू नये.

अ. स. गणपुले


रत्नागिरी, ता. २० फेब्रुवारी १९३०

ती. राजाकाकांस हेमाचा नमस्कार.

तुम्हांला पत्र पाठवायचे नाही असे अण्णांनी घरात सांगितले आहे. मला तसे कोणी सांगितलेले नाही, म्हणून लिहिते.

माझे बाळ पोटातच, सातव्या महिन्यात गेले. मुलगा होता. तुम्हांला कळले असेल किंवा नसेल. मला आगरातल्या खोपीत ठेवले आहे. आधी तिथे नारळ साठवत. तुम्ही सांगितले तसे एका बाजूने उघडे आहे. दिवसभर शहाळ्यांवर बसणाऱ्या माशा पाहते. आई जेवण घेऊन येते आणि मी हाकलले तरी जवळ बसते. तिला बोलून उपयोग नाही. म्हणून मी तिला काम लावले आहे. पाटीवर अक्षरे काढायला शिकवते. ती चार हात लांब बसते, पाटी उंच धरून दाखवते. जोडाक्षरांपर्यंत आली आहे.

नणंदबाईंचे बाळ चांगले आहे. तिकडच्यांनी पोस्टकार्ड पाठवले, त्यात एवढेच होते. खाली सही नव्हती, पण अक्षर मी ओळखते.

अण्णा सगळीकडे तुम्हांला दोष देत होते. मी त्यांना सांगितले की राजापूरला ते पत्र मी मागवले. ते उभे होते तिथून एक पाऊल मागे गेले. तेव्हापासून ते माडाच्या आळ्यापर्यंत येतात. तिथून विचारतात, "काय म्हणते तब्येत?" मी ठीक म्हणते आणि ते जातात. परवा मी त्यांना विचारले, "अण्णा, साक्षीदार खोटं बोलला तर शिक्षा असते. भाषांतर करणारा खोटं बोलला तर?" ते म्हणाले, "मी तुमच्यासाठी केलं." तुमच्यासाठी म्हणजे कोणासाठी, हे मी विचारले नाही. मला खोकला आला.

काका, तुमच्यावरही माझा राग आहे. तो इथे लिहून टाकते, म्हणजे मनात राहायचा नाही. तुम्हांला ठाऊक होते. तुम्ही ते मला सांगितले नाहीत. मी तुमच्यासमोर बसले होते, छाती माझी होती, इंग्रजी सहावीपर्यंत मी शिकले होते. तुम्ही अण्णांना चिठ्ठी लिहिलीत, आणि तीही अशी की त्यांना हवी तशी वाचता यावी. सासरी लिहिलेत तसे त्या दिवशी मला सांगायला काय हरकत होती?

एक विचारायचे होते. वाईट होऊ नये म्हणून म्हणायचा शब्द इंग्रजांनी रोमन लोकांकडून घेतला. वाईट होऊन गेल्यावर म्हणायचा त्यांच्याकडे काही आहे का? डिक्शनरी आता अण्णांनी कपाटात घालून कुलूप लावले आहे.

हेमा


गिरगाव, मुंबई, ता. १ मार्च १९३०

चि. हेमास अनेक आशीर्वाद.

तुझा राग योग्य ठिकाणी आहे. मी तो खोडून काढीत नाही. दुसऱ्या पत्राला अण्णाचे उत्तर आले नाही तेव्हा मी स्वतः निघायला हवे होते, तेही केले नाही.

तुला सांगायला हवे होते. आम्ही रोग्याला सांगत नाही, रोग्याच्या बापाला किंवा नवऱ्याला सांगतो. तशी रीत आहे आणि मी ती कधी तपासून पाहिली नाही. तू विचारले होतेस, ऐकताना डोळे का मिटता. खरे उत्तर असे, की रोग्याने आमच्या डोळ्यांत पाहू नये म्हणून.

तू विचारलेला शब्द आहे. रोमन लोक 'एहेऊ' म्हणत. हाय, अरेरे, असा त्याचा अर्थ. इंग्रज तो क्वचित वापरतात, बहुधा गमतीत, पेला फुटला किंवा केस पिकले तर. खऱ्या दुःखात त्यांच्या तोंडून तो आलेला मी ऐकला नाही. एडिंबरोच्या इस्पितळात मूल दगावले तेव्हा तिथल्या बाया आपल्या बायांसारख्याच रडल्या, त्यात शब्द नव्हता.

मी मे महिन्यात बोटी बंद होण्यापूर्वी येतो. अण्णाने दार उघडले नाही तर आगराच्या गडग्यावरून येईन. येताना तुझ्यासाठी डिक्शनरी आणतो. वहिनींना म्हणावे, जोडाक्षरे झाली की मला एक ओळ लिहा.

राजाकाका


रत्नागिरी, आश्विन वद्य ५

राजाभावजी यांस मथुरेचा नमस्कार.

माझं हे पहिलंच पत्र आहे. चुका असतील. ता. कशी लिहायची ते हेमाने शिकवायचं राहिलं, म्हणून तिथी घातली आहे.

हेमा श्रावणात गेली. तुम्हाला यांनी कळवलं नसेल. मे महिन्यात तुम्ही गडगा चढून आलात त्याचं तिला फार हसू आलं होतं. नंतर चार दिवस बरी होती. तुमचं पुस्तक तिने मला दिलंय. मला त्यातलं काही कळत नाही, पण मी ते पुसून ठेवते.

शेवटी तिने मला सगळं सांगितलं. तोवर मला कुणी काही सांगितलं नव्हतं. तुमचं पहिलं पत्र ओटीवर वाचलं तेव्हा मी आत पोहे परतत होते. बाहेर हसायचा आवाज आला म्हणून मी समजले सगळं चांगलं आहे, आणि पोह्यांवर खोबरं जास्त घातलं. दुसरं पत्र घरात आलं तेही मला माहीत नाही. मी तिची आई. तिला दोन वर्षं घरात ठेवायला मी कुणाच्या पाया पडले असते. लोक बोलले असते तर मी त्यांच्याशी भांडले असते, मला भांडता येतं. पण मला विचारलंच नाही.

हे म्हणतात की नशिबात होतं. मी म्हटलं, नशिबात होतं तर तुम्ही भाषांतर कशाला केलंत. त्यावर जेवता जेवता उठून गेले. आता आम्ही फार बोलत नाही. त्यांचं पान वाढते, मीठ आहे नाही विचारते.

भावजी, आता कामाचं लिहिते. वासंतीला खोकला नाही, ताप नाही. पण ती चोरून खोपीत जाऊन हेमाजवळ बसायची, हे मला तिने गेल्या आठवड्यात सांगितलं. यांनी तिच्यासाठी लांज्याचं एक स्थळ आणलंय. ते लोक म्हणे डॉक्टरचं पत्र मागतात. हे इथल्याच कुणाकडून लिहून घेणार आहेत, तुमच्याकडे पाठवणार नाहीत. मी नको म्हटलं. मग म्हणाले की तुला यातलं काय कळतं.

बोटी सुरू झाल्या. मी आणि वासंती येत्या सोमवारी बोटीत बसतो. तिकिटाचं माझं मी पाहिलंय. यांना सांगितलंय की मुंबईला जाते, विचारलेलं नाही. मी कधी एकटी बोटीने आले नाही, तेव्हा धक्क्यावर तुम्ही स्वतः या, गडी पाठवू नका. पोरीला नीट तपासा. तो फोटो काढतात तोही काढा. चार दिवस लागोत की महिना, मी राहीन, तुमच्याकडे दळणकांडण करीन.

तपासून झाल्यावर जे असेल ते आधी वासंतीला सांगा, मग मला. तिला तेरावं आहे, तिला कळतं. आम्ही दोघी समोर बसू. तिच्या बापाला काय लिहायचं ते मी लिहीन.

मथुरा